झिजवून परत करायचे बूट

जोडे झिजवणे म्हणजे हेलपाटे घालणे आणि हाती काही न लागणे. शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून यायचं. मला मात्र जोडे झिजवण्याचा पगार मिळायचा. स्वतः झिजवायचे नव्हते, दुसऱ्यांकडून झिजवून आणायचे होते. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "बोहारीण जुनं घेते नि नवं देते. आमची ही उलटी. नवे बूट फुकट वाटत फिरते आणि फाटके झाले की मागायला जाते." पाहुणे हसायचे आणि मग हळूच विचारायचे, आमच्या पोराला एखादा जोड मिळेल का.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी होती. तिचं नाव लिहीत नाही. ती आता नाही, आणि आम्ही केलेल्या बुटांवर तिचं नाव कधी नव्हतंच. या धंद्याची ही पहिली गंमत. बूट बनवणारा एक, नाव दुसऱ्याचं, आणि नावाला पैसे जास्त. मी सापगावची. शहापूरहून कंपनीची बस निघायची ती पकडायची. नव्वदच्या दशकात मी शिलाईत लागले आणि सुरुवातीची काही वर्षं फक्त डाव्या बुटाची बाहेरची बाजू शिवली. उजवा बूट कसा शिवतात ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग चाचणी खात्यात राजन साहेब आले. तमिळनाडूत चामड्याच्या कारखान्यांत वाढलेला माणूस. मराठी हिंदीवरून शिकलेले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात बूट 'ती' असायची आणि टाच 'तो'. एक दिवस शिलाईत येऊन म्हणाले, "इकडची गाव कोणाला माहीत आहे? आणि गाडी कोण चालवते?" माझ्याकडे मोपेड होती आणि दोन तालुक्यांत नातेवाईक पसरलेले. अशी माझी बढती झाली.

धावायचा बूट म्हणजे काय, ते आधी सांगते. त्याचे तीन थर. खाली रबर, त्याचा संबंध रस्त्याशी. वर कापड आणि जाळी, त्यांचा संबंध पायाशी. आणि मधे फोम, त्याचा संबंध गुडघ्याशी. धावणारा माणूस दर पावलाला स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भार जमिनीवर आदळतो, तो भार फोम खातो. घावन मोडून पाहिलं तर आत जाळी दिसते ना, तशीच फोमच्या पोटात बारीक जाळी असते. तिच्यातली हवा दबते आणि परत फुगते. धावून आल्यावर बुटाला रात्रभर विश्रांती मिळाली तर फोम सावरतो. नाही मिळाली तर हळूहळू मरतो. मेलेला फोम वरून दिसत नाही. बूट अगदी चांगला दिसतो आणि गुडघा दुखायला लागतो, मग माणूस वैद्याकडे जातो.

आणि फर्मा. बूट काही पायावर शिवत नाहीत, पायाच्या आकाराचा एक ठोकळा असतो त्यावर चढवून करतात, त्याला फर्मा म्हणायचं. आमचे फर्मे परदेशातून यायचे. कुणाचा पाय होता तो देव जाणे, पण त्याची बोटं एकमेकांना चिकटलेली. आमच्याकडच्या माणसांचे पाय चिखलात लावणी करून करून पुढे पसरलेले असतात. करंगळी तर कायम वेगळी चूल मांडल्यासारखी.

कंपनीत यंत्रं होती. एक बूट वाकवायचं, एक घासायचं, एक टाचेवर दाब द्यायचं. पण राजन साहेब म्हणायचे, "मशीनला घाम येत नाही. मशीनला घाई नसते." म्हणून माणसांना बूट द्यायचे. रोज धावणारी माणसं शोधायची, जोड द्यायचा, दोन-तीन महिन्यांनी परत आणायचा. आणलेला बूट आम्ही करवतीवर उभा कापायचो, टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोन फाका, आणि आत काय झालंय ते बघायचो. परत करायचा ही अट पहिल्या दिवशीच सांगावी लागे. धावणारी पोरं मिळायला अडचण नव्हती. भरतीची तयारी करणारी पोरंपोरी गावोगावी पहाटे रस्त्याला दिसायची.

तळ वाचायला मला साहेबांनी शिकवलं. बूट उलटा करायचा आणि बोट फिरवायचं. बहुतेक माणसांची टाच बाहेरच्या अंगानं झिजते, तुमचीही झिजत असेल, आत्ता चप्पल उलटी करून बघा. खर्डीचा एक जण रोज धावतो म्हणून बूट घेऊन गेला. परत आले तेव्हा उजव्याचा पंजा गुळगुळीत आणि डावा जवळजवळ कोरा. साहेबांनी बघितलं न बघितलं आणि म्हणाले, "ही माणूस धावत नाही. ही रिक्षा चालवते." ब्रेक उजव्या पायाशी असतो. मी स्टँडवर जाऊन बघितलं, तो तीन आसनी रिक्षा घेऊन उभा होताच.

खर्डीच्याच दुसऱ्या एका पोराचे बूट इतके चांगले परत आले की साहेब खूश झाले. रबराचं मिश्रण नवीन होतं, ते झिजलंच नाही असं त्यांना वाटलं. मी तळ उलटा करून बघितला. रबर साच्यातून निघतं तेव्हा त्याला कुठे कुठे बारीक केस राहतात, नव्या टायरला असतात तसे. दोन पावलं चाललं की ते जातात. याच्या तळाला केस शाबूत होते. मी त्या पोराला गाठलं.

"तू धावतोस ना रे?"

"धावतो ना ताई. रोज धावतो."

"बूट घालून?"

"हातात घेऊन," म्हणाला. "एवढे भारी बूट, रोज घातले तर खराब व्हतील. भावाच्या हळदीला घालीन बोल्लो."

"मग घरी ठेवायचे होते. हातात कशाला?"

"तुमी वाटेत भेटाल म्हणून."

त्यानंतर बूट देताना मी बजावून सांगायची, जपायचे नाहीत, नासायचे. हे वाक्य आमच्याकडच्या माणसांना कळायचंच नाही. एका म्हातारीनं मला विचारलं, "नासवाला देतात? कंपनीला पैसं जास्ती झालंय का गो?" नवी वस्तू जपून ठेवायची, हे आमच्या अंगात भिनलेलं. मीसुद्धा लग्नातला स्टीलचा डबा अजून वापरायला काढलेला नाही.

पण मला सांगायचीय ती टाचेची गोष्ट.

बुटाच्या मागे, कापडाच्या आत, एक कडक वाटी असते. ती टाचेला धरून ठेवते. वळणावर पाय बुटाबाहेर घसरत नाही तो तिच्यामुळे. आमच्याकडे परत येणाऱ्या बुटांत ही वाटी मोडलेली असायची. एका-दोघांची नव्हे, जवळजवळ सगळ्यांची. शहापूरचे असोत, मुरबाडचे असोत, टाच आत दुमडून चपटी. यंत्रावर ती वाटी मोडत नव्हती. साहेबांना वाटलं आपल्या पावसाळी हवेनं तिचा पुठ्ठा नरम पडतो. त्यांनी अधिक कडक वाटी घालून पाहिली. ती पोरांच्या टाचेला चावायला लागली, फोड आले, आणि पुढच्या खेपेला तीही मोडून आली. साहेब जेवायचे थांबले. डबा समोर उघडा आणि हातात मोडकी टाच. म्हणाले, "सुलभाबाई, ही काय करतात? रात्री उठून हातोडी मारतात?"

"मी बघून येते," मी म्हटलं. कोणाच्या तरी मागे मागे जाऊन प्रत्यक्ष बघितल्याशिवाय हे कळणार नव्हतं.

यमुना तेव्हा नुकतीच आमच्याकडे बूट न्यायला लागली होती. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं, तिथून वर डोंगराच्या अंगाला तिची वाडी. थोडं भात, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी, घरात आईबाप आणि ती. बारावी होऊन काही वर्षं झालेली. पोलीस भरतीचं तिनं मनात घेतलं होतं. आदल्या साली ती भरतीला अनवाणीच गेली होती. वाडीत ती अनवाणी हरणासारखी धावायची, पण ठाण्याच्या मैदानावर मुरमाची बारीक खडी होती, दुपारपर्यंत तापलेली. पाय फाटला आणि ती मागे पडली. यंदा शेवटची संधी, पुढल्या साली वय बसत नव्हतं.

मी तिला एकदा विचारलं, दुसरी नोकरी नाही का बघायची. ती म्हणाली, "दुसऱ्या नोकऱ्या डोक्यात लागतात ताई, नायतर वशिल्यात लागतात. ही एकच हाय ती माझ्या पायात हाय."

तिच्या पहिल्या बुटांचा तळ बघून साहेब चक्रावले होते. पंजा पार घासलेला आणि टाचेला केस तसेच. "ही बाई फक्त डोंगर चढते? उतरत नाही?" त्यात टाचेची वाटी मात्र नेहमीसारखी मोडलेली. टाच जमिनीला लागत नाही आणि तरी टाच मोडते. मला राहवेना. एका सकाळी वैशाखऱ्याला गाडी लावली, वाडीवर चढून गेले आणि तिच्या ओट्यावर बसले, तिथून सगळी वाट दिसत होती.

भाताची कापणी होऊन गेली होती. यमुना बांधाबांधानं धावत येताना दिसली आणि तिच्या तळाचा उलगडा तिथल्या तिथे झाला. ती पंजावर पडत होती. जन्मभर दगडगोट्यांत अनवाणी धावलेला माणूस टाच आपटून धावेल कसा, एका दिवसात लंगडा होईल. बूट घातले तरी तिचे पाय आपली जुनी रीत विसरले नव्हते. टाचेखालचा तो जाड फोम, ज्याच्या जाहिरातीवर कंपन्या एवढा खर्च करायच्या, तिच्या काही कामाचा नव्हता. उलट मधेच आडवा यायचा आणि नडगी दुखायची.

तेवढ्यात ती थांबली. वाटेवर वाघोबा आहे, शेंदूर फासलेला दगड, झाडाखाली. तिथे येताच एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या बुटाची टाच दाबली, बूट काढला, मग दुसरा. हात जोडले. बूट उचलून वाघोबाच्या पुढनं अनवाणी गेली, पलीकडे टाकले, त्यात पाय घातले, टाच तशीच पायाखाली चिरडून धावायला लागली. धावता धावता एकदा उडी मारून टाच आत बसवली. पुढे खळं आलं. शेणानं सारवलेलं, भात झोडायला तयार केलेलं. त्याच्यावरून वाट जाते. परत बूट काढले. खळ्याच्या पलीकडे घातले. झऱ्याशी बायका पाणी भरत होत्या, तिथे काढले. घराच्या उंबऱ्याशी काढले. मी ओट्यावर बसले होते आणि मला हसूही येत होतं नि रडूही.

"लेस सोडत नाहीस?" मी विचारलं.

"लेस सोडत बसले तर धावू कधी?"

"अगं मग खळ्याला वळसा घालून जा. वाघोबाला लांबून हात जोड."

"तो वाटेतच हाय ताई. आमी त्याच्या दारातून जातो."

आतून तिची आई आली चहा घेऊन. तिनं ऐकलं होतं. "खळ्यात बूट नाय चालाचा," ती मला म्हणाली, जरा दमातच. "भात झोडतो तिथं. तुमच्यात घालून जातात का?"

आमच्यातही जात नाहीत. मी सापगावची, शेतकऱ्याची मुलगी, माझ्या बापाच्या खळ्यावर मी कधी चप्पल घालून पाय ठेवला नाही. पण खळं ही घरची गोष्ट आणि बूट ही कंपनीतली, दोन्ही माझ्या डोक्यात आजवर कधी एका जागी आल्याच नव्हत्या. परदेशातला धावणारा माणूस सकाळी लेस बांधतो आणि परत आल्यावर सोडतो. आमचा माणूस एका फेरीत चारदा बूट काढतो. वाटी कमजोर नव्हती. तिला हे काम कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एक मोडकी टाच हातात घेऊन दाबून बघितली. मग म्हणाले, "आमच्या गावी पण असंच आहे," आणि स्वतःच्या बुटाकडे बघितलं. त्यांचीही टाच दुमडलेली होती. दारात ओळीनं काढलेले बूट ते लहानपणापासून बघत आले होते. मला वाटतं त्या दिवशी आम्हा दोघांना सारखंच नवल वाटलं.

ज्यांचं नाव बुटावर लागायचं त्या खरेदीदाराच्या माणसाला त्यांनी ही गोष्ट समजावली. सुटाबुटातला चांगला माणूस होता, मन लावून ऐकलं. म्हणाला, आमचा धावपटू दिवसातून एकदा बूट काढतो, त्याच्यासाठी हा बूट आहे. त्याचंही चूक नव्हतं. बुटाच्या धंद्यात बदल फार महाग. तळाचा साचा प्रत्येक मापाला वेगळा, डाव्याला वेगळा, उजव्याला वेगळा. एक रेघ हलवायची तर साच्यांची रांग हलवावी लागते. आणि जो माणूस बूट काढत-घालत धावतो तो दुकानात जाऊन महागडे बूट विकत घेईल, याची त्याला खात्री नव्हती.

इकडे भरती जवळ आली होती. यमुनेनं मोडक्या टाचेच्या बुटानं सराव चालू ठेवला, आणि एका वळणावर बूट पायातून निसटला. घोटा मुरगळला, पण थोडक्यावर निभावलं. मी नवा जोड दिला तर त्याची टाच कडक, चावते. शिवाय नवा बूट घालून शर्यतीला कधी उतरू नये, पायाला आणि फोमला एकमेकांची ओळख व्हावी लागते. मोडलेला घातला तर निसटतो, नवा घातला तर चावतो, अनवाणी गेली तर गेल्या सालचं मैदान. एवढंच तिच्यापुढे होतं. ती मला म्हणाली, "ताई, काय पण करा, पण मला पायात धरून ठेवणारा एक जोड द्या."

मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "बाजारासाठी करता येत नाही. चाचणीसाठी एक जोड करता येते. कोणी नाही म्हणू शकत नाही."

मग नमुना खोलीत आम्ही तो जोड केला. यमुनेला बोलावून तिचा पाय कागदावर ठेवून रेघ मारून घेतली. फर्म्याच्या पुढच्या बाजूला चामड्याच्या पट्ट्या चिकटवून तो तिच्या पंजाएवढा रुंद केला. टाचेखालचा फोम चाकावर घासून पातळ केला. वाटीचा फक्त खालचा भाग कडक ठेवला, वरचा काढून टाकला, तिथे दोन्ही बाजूंना इलॅस्टिक शिवलं आणि वरची कड हंडीच्या काठासारखी बाहेर वळवली. म्हणजे बोटानं दाबली की टाच खाली जाते, पाय घातला की आपली आपण वर येऊन धरते. लेस बांधलेलीच राहते. शिवले मी. डावाही आणि उजवाही, पहिल्यांदाच दोन्ही.

पहिलं इलॅस्टिक सैल पडलं. यमुना परत आली, म्हणाली, "उतारावर फदफद करतो." दुसरं घट्ट लावलं. ते जमलं. देताना मी नेहमीची अट सांगितली, भरती झाली की परत आणायचा, कापायचा आहे. "आणीन," ती म्हणाली. "मला पण बघाचंय आत काय व्हतं ते."

भरतीच्या दिवशी मी रजा टाकून ठाण्याला गेले. मैदान तेच, मुरमाचं. मुली ओळीनं उभ्या, सगळ्या खाली वाकून लेस घट्ट करतायत. यमुनेची तुकडी पुढे आली. पांढऱ्या फक्कीची रेघ मारलेली होती. रेघेशी येताच तिनं बूट काढले.

ती अनवाणी रेघेशी बसली, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. आता मला सांगा, तिला काय सांगून ठेवायला हवं होतं? की हे मैदान आहे, खळं नाही? तिच्या लेखी ज्या जमिनीवर आपलं पोट ठरतं ती बूट घालून तुडवायच्या आधी तिची परवानगी घ्यायची. शिट्टी हातात घेतलेले भरतीचे अधिकारी ओरडले, "ए, बूट घाल आधी. वेळ नाही." बाजूच्या मुली पाय टेकवून तयार झाल्या होत्या. यमुना उभी राहिली, दोन्ही पाय बुटांत सारले, हात लावला नाही. शिट्टी वाजली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. टाचांकडे बघत होते. कड वर आली होती. वळणावर बाकीच्या मुली लांबून वळल्या, ती आतून वळली, आणि टाचेनं धरलं. दुसऱ्या वळणावरही धरलं. ती पुढच्या मुलींमध्ये आली. धावणं संपवून ती बाहेर आली तेव्हा पाण्याची बाटली मी तिच्या हातात द्यायच्या ऐवजी तिच्या पायावर ओतली.

निकाल लागला तेव्हा ती पेढे आणि बूट दोन्ही घेऊन कंपनीत आली. बूट धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला वाटलं साहेब म्हणतील, राहू दे तुझ्याकडे. साहेब म्हणाले, "चला, कापू या." आणि तिलाही तेच हवं होतं. तिला करवतीपाशी उभी केली. डावा बूट कापला. दोन फाका टेबलावर ठेवल्या आणि आम्ही तिघंही वाकून बघायला लागलो. पंजाखालचा फोम दबून दबून पुठ्ठा झालेला, जाळी मिटून गेलेली. टाचेखालचा जो थोडा ठेवला होता तो अगदी नवा, जाळी उघडी.

"म्हणजे बुटाचा मागचा भाग मी वापरलाच नाय," यमुना म्हणाली.

"नाहीच," साहेब म्हणाले.

"मग तो कशाला ठेवला? तेवढा वजन कमी झाला असता."

साहेब खो खो हसले आणि कागद ओढून चित्र काढायला बसले. त्या दिवशी तिघांनी मिळून कागदावर असा बूट केला की तो कुणी कधी बनवला नाही. उजवा बूट साहेबांनी तिला देऊन टाकला. एका बुटाचं ती काय करणार होती कोण जाणे, पण घेऊन गेली.

पुढे काही वर्षांनी खरेदीदारानं काम दुसऱ्या देशात हलवलं. तिकडे स्वस्त पडत होतं. यंत्रं ट्रकवर चढली, राजन साहेब आपल्या गावी गेले, मी घरी बसले. कापलेल्या बुटातली टाचेची ती कड आमच्या नमुना खोलीच्या कपाटात होती, कपाट भंगारात गेलं. मध्यंतरी कल्याणच्या एका मोठ्या दुकानात नातवासाठी बूट घ्यायला गेले होते. तिथला मुलगा एक जोड दाखवून सांगायला लागला, आजी, ही नवीन टेक्नॉलॉजी, हात न लावता पाय घाला. मी टाचेची कड दाबली. खाली गेली आणि परत वर आली. मग शिलाई उलटसुलट करून बघितली. माझी जास्त बारीक होती.

त्याआधी, कंपनी बंद पडल्यावर एकदा पावसाळ्यात आम्ही माळशेजवरून जुन्नरला एका लग्नाला निघालो होतो. घाटात धबधब्यांची गर्दी, त्यामुळे खाली नाक्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. रेनकोटातली एक बाई आमच्या गाडीच्या काचेपाशी आली आणि वाकून म्हणाली, "ताई ना?" यमुना. अंगानं भरली होती, आवाज मोठा झाला होता, एका हाताच्या इशाऱ्यानं ट्रक थांबवत होती. बापाचं घर पक्कं केलं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, सगळं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. मला किती बरं वाटलं ते मी तिला सांगितलंही.

नाक्याला लागून गावदेवीचं छोटं देऊळ होतं. मी म्हटलं, चल, तुझ्याबरोबर देवीला हात जोडते. मी पायरीशी चपला काढल्या. ती पायरीच्या खाली थांबली.

"तुमी जावा," म्हणाली. "हे बूट काढायला वेळ लागतो. वरपर्यंत लेस हाय. कधी शिट्टी व्हईल सांगता येत नाय. मी इथूनच करते, रोज इथूनच करते."

तिनं खालूनच हात जोडले. मी आत जाऊन आले. मग जुनी सवय, मी तिच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "पाय वर कर बघू." ती हसली, कठड्याला धरून उभी राहिली आणि घोडा नाल दाखवतो तसा पाय मागे उचलला.

मी बोट फिरवलं. पंजाची नक्षी जशीच्या तशी होती. टाच झिजली होती, बाहेरच्या अंगानं, आपल्या सगळ्यांची झिजते तशी.